पानं भागिले दिवस: हा हिशेब सोंगणीच्या दिवसांत का टिकत नाही

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका ताईंचा आहे. गावच्या ग्रंथालयातून त्यांनी ४४८ पानांची कादंबरी नेली. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमात, तिच्यावर दहा मिनिटं बोलायचं कबूल केलं. २४ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर, हातात २१ दिवस. ४४८ भागिले २१, म्हणजे रोज २२ पानं. घरी सोयाबीन आहे, पराटी (कापूस) आहे, शाळेत जाणारी दोन पोरं आहेत. याआधी दोन पुस्तकांना असाच हिशेब लावला आणि दोन्ही अर्धी वाचून परत दिली. सासूबाई म्हणतात, "पुस्तक काही पळून जाऊन राह्यलं काय? सोयाबीन पाह्य आधी." ताई विचारतात, मी सावकाश वाचते म्हणून असं होतं का?

ताई, तुम्ही सावकाश वाचत असाल, पण त्याने काही बिघडत नाही. गावच्या ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणून माझी बरीच वर्षं पुस्तकं देण्याघेण्यात गेली आहेत. अर्धी परत येणारी पुस्तकं बहुतेक वेळा याच भागाकाराने अडकलेली असतात. हा भागाकार सगळी पानं सारखी धरतो आणि सगळे दिवसही सारखे धरतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे दोन दिवस तरी एकसारखे जातात का? २०१५ पासून कलामांच्या जन्मदिवशी हा वाचन प्रेरणा दिन होतो आणि दरवर्षी नेमका सोयाबीनच्या सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, धांदलीत येतो. (आम्ही कार्यक्रम संध्याकाळी ठेवतो तो म्हणूनच. दुपारी ठेवला तर ऐकायला शाळेची पोरं आणि सरपंच एवढेच उरतात.)

आधी पानं पाहू. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ४४८ छापलंय म्हणून ४४८ पानं वाचायची नसतात. तुम्ही कळवल्याप्रमाणे कादंबरी पान १७ वर सुरू होते आणि ४३२ वर संपते. आधीची सोळा पानं अर्पणपत्रिका, मनोगत आणि प्रस्तावनेत गेली. शेवटची सोळा पानं शब्दार्थ आणि प्रकाशकाची यादी. उरली ४१६. प्रस्तावना वाचू नका असं मी म्हणत नाही, शेवटी वाचा. कादंबरीची प्रस्तावना आधी वाचली की गोष्ट कुठे जाते ते कळून बसतं आणि प्रस्तावनाही नीट समजत नाही.

आता माप. पानांत मोजू नका, फर्म्यात मोजा. छापखान्यात मोठ्या कागदावर दोन्ही बाजू मिळून सोळा पानं छापतात आणि त्याची घडी घालतात, तो एक फर्मा. शिवलेल्या बांधणीचं पुस्तक वरच्या बाजूने, कण्याजवळ धरून पाहा. एकेक फर्म्याची घडी वेगळी दिसते. फर्म्याच्या बरोब्बर मधोमध, आठव्या आणि नवव्या पानाच्या मध्ये, शिवणीचा दोरा दिसतो. दोरा दिसला की अर्धा फर्मा झाला. पुस्तक नुसतं डिंकाने चिकटवलेलं असेल तर यातलं काही दिसणार नाही, मग सोळा-सोळा मोजून पेन्सिलीची बारीक खूण करावी (ग्रंथालयाचं पुस्तक आहे, पेन नको). तुमची ४१६ पानं म्हणजे २६ फर्मे. "रोज २२ पानं" म्हटलं की माणूस एकोणिसाव्या पानावर झोपतो आणि मनाला खात राहतं. "एक फर्मा" किंवा "दोऱ्यापर्यंत" म्हटलं की काम हातात मावतं.

मग वेग. दुसऱ्याचा वेग विचारू नका आणि मोबाइलवर मिनिटाला किती शब्द वाचावेत ते शोधू नका. त्यातले बहुतेक आकडे इंग्रजी वाचकांचे असतात. घड्याळ लावून वीस मिनिटं वाचा, याच पुस्तकाची पानं, पण अगदी सुरुवातीची नकोत. कादंबरीची पहिली तीस-चाळीस पानं सगळ्यांनाच जड जातात. कोण कोणाचा कोण, वाडा कुठे, नदी कुठे, हे बसेपर्यंत मागे वळावं लागतं. दोन फर्मे झाल्यावर मोजा, आणि दोनदा मोजा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री, भांडी आवरल्यावर. तुम्ही दुपारी ९ पानं आणि रात्री ७ पानं असं कळवलंय. सरासरी ८, म्हणजे वीस मिनिटांत अर्धा फर्मा आणि चाळीस मिनिटांत एक. हा वेग चांगला आहे. २६ फर्म्यांना १०४० मिनिटं लागतील, सव्वासतरा तासांच्या जरा वर. आता "२१ दिवस" विसरा आणि हे सव्वासतरा तास कुठून काढायचे ते पाहू.

याचा धडा आपल्या गावात आधीपासून आहे. पारायणाला बसणारी माणसं वर्षानुवर्षं मुदतीत ग्रंथ संपवत आली आहेत. शेगावच्या गजानन महाराजांचा विजय ग्रंथ २१ अध्यायांचा. तीन दिवसांत करायचा तर रोज सात, सात दिवसांत करायचा तर रोज तीन, आणि एकाच बैठकीत करणारेही आहेत. तिथे भागाकार सरळ जमतो. पण गुरुचरित्राचा सप्ताह पाहा. दुसऱ्या दिवशी दहा ते एकवीस असे बारा अध्याय, आणि पाचव्या दिवशी फक्त छत्तीस ते अडतीस, तीनच. छत्तिसावा अध्याय चांगला लांब आहे, हे पोथी उघडली की कळतं. ज्याने कोणी ही वाटणी बसवली त्याने अध्यायांची नुसती संख्या मोजली नाही, त्यांचं वजनही पाहिलं. ज्ञानेश्वरीतही बारावा अध्याय अडीचशे ओव्यांच्या आत आटोपतो आणि अठरावा अठराशेच्या वर जातो. "रोज इतके अध्याय" असं सपाट धरणारा अठराव्याच्या दिवशी अर्ध्या रात्रीपर्यंत बसतो.

पारायण मोठ्याने करतात, त्याचा वेग वेगळा. आणि शेवटच्या दिवशी घाईघाईत ओव्या गिळून समाप्ती करणारेही मी पाहिलेत, ते सोडून द्या. घ्यायचं ते एवढंच की दिवस ठरलेले, जागा ठरलेली, आणि वाटणी ग्रंथ पाहून केलेली. कादंबरीचंही तसंच आहे. पानं चाळून प्रकरणांची लांबी पाहा, संवाद जास्त आहे की वर्णन ते पाहा. संवादाची पानं पटापट जातात. कोर्टकचेरी, वंशावळ, जुन्या कागदपत्रांची भाषा आली की वेग निम्मा होतो. अशी प्रकरणं रात्रीच्या बैठकीला ठेवू नका.

आता दिवस. तुमच्याकडचे २१ दिवस मी असे पाहतो. तुमच्या गावचा बाजार आठवड्यातून एकदा, या काळात तो २८ सप्टेंबर, ५ आणि १२ ऑक्टोबरला येतो. सोंगणी-मळणी २९ सप्टेंबरपासून पाच दिवस धरली आहे, मजूर ठरलेत असं तुम्ही लिहिलंय. दसरा एक दिवस. शेवटचे दोन दिवस, १३ आणि १४, बोलण्याच्या तयारीचे, त्या दिवसांत नवीन पान वाचायचं नाही. दोन दिवस राखीव. उरले आठ साधे दिवस. त्यातले चार सोंगणीच्या आधी, चार नंतर.

सोंगणीआधीचे चार दिवस तुमची खरी कमाई आहे. निंदण संपलेलं, फवारण्या आटोपलेल्या, शेंगा पिवळ्या पडताहेत, त्यामुळे दुपारी हात थोडे मोकळे असतात. या चार दिवसांत रोज तीन फर्मे वाचा, दोन तास, त्यातला सव्वा-दीड तास दुपारचा. २८ च्या बाजारादिवशी एक फर्मा. पाच दिवसांत १३ फर्मे, म्हणजे पान २२४. अर्धी कादंबरी तिथेच होते. "सुरुवातीला हळूहळू, मग वेग धरू" असं बहुतेक जण ठरवतात. शेतकऱ्याच्या घरात "मग" कधी येत नाही. शिवाय कादंबरीची ओळख पहिल्या शंभर पानांत होते. ती सलग वाचली तर माणसं लक्षात राहतात. रोज दहा पानांनी ती ओळख केली की दर वेळी "ही यशोदा कोण हो?" असं मागे जाऊन पाहावं लागतं, आणि त्यात जी पानं परत वाचली जातात ती कुठल्याच हिशेबात नसतात.

२९ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर रोज अर्धा फर्मा. वीस मिनिटं, दोऱ्यापर्यंत, बस. त्याहून जास्त ठरवू नका. दिवसभर विळा चालवून आल्यावर कोणाच्या डोळ्यांत ताकद राहते? थ्रेशर ज्या दिवशी येईल त्या दिवशी तर अंगाला कुटाराची (भुश्याची) खाज आणि कानात आवाज, त्या रात्री शून्य झालं तरी चालेल. पण पाच दिवस पुस्तक पूर्ण बंद ठेवू नका. गोष्टीचा धागा तुटला की चौथ्या दिवशी ते पुस्तक उघडायची इच्छाच होत नाही, आणि माझ्याकडे अर्धी परत येणारी पुस्तकं याच फटीत अडकलेली असतात. या पाच दिवसांचे अडीच फर्मे, म्हणजे पान २६४.

पाऊस आला तर? ओलं सोयाबीन सोंगता येत नाही, मळता येत नाही, घरी बसावं लागतं. कागदावर हे वाचनाचे तास दिसतात. पण गंजीवरच्या ताडपत्रीखाली पाणी शिरतंय की काय या घोरात कोणी कादंबरी वाचत नाही, म्हणून पावसाचे तास जमेत धरू नका. वाचता आलं तर वरकड.

४ ते १२ ऑक्टोबर या नऊ दिवसांत चार साध्या दिवसांचे दोन-दोन फर्मे, दोन बाजारांचा एकेक, दसऱ्याला अर्धा. एकूण साडेदहा फर्मे, १६८ पानं, आणि २६४ मध्ये १६८ मिळवले की ४३२. पुस्तक संपलं आणि दोन राखीव दिवस अजून शिल्लक आहेत. त्यांना आधीच तारीख लावू नका. पोराला ताप येईल, पाहुणे येतील, सीतादही (वेचणीआधीची पूजा) करून कापूस वेचणीला हात घालायची घाई होईल, त्या दिवसासाठी ते आहेत.

हे लक्षात ठेवायला वही लागत नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या तीन लांब पट्ट्या कापा. एकीवर "२८, बाजार" लिहून पान २२४ मध्ये घाला. दुसरीवर "३, मळणी" लिहून २६४ मध्ये. तिसरीवर "१२, बाजार" लिहून ४३२ मध्ये. पट्ट्या पुस्तकाच्या वर बोटभर दिसू द्या. रोजची पट्टी वेगळी, ती सरकत जाईल. पुस्तक फळीवर असलं तरी येताजाता दिसतं की सरकणारी पट्टी पुढच्या तारखेच्या किती जवळ आली. मोबाइलमध्ये आठवण लावणाऱ्यांना मी नाही म्हणत नाही, पण आठवण वाजली की मोबाइल हातात येतो आणि मग पुस्तक हातात येत नाही.

एखाद्या दिवशी राहिलं, तर ती पानं दुसऱ्या दिवसाच्या डोक्यावर टाकू नका. यानेच सगळे बुडतात. आज २२ राहिली म्हणून उद्या ४४, उद्या तीही राहिली म्हणून परवा ६६. उसनवारीचा तोच प्रकार आहे, व्याजच फिटत नाही. राहिलेलं बाजूला ठेवा आणि हिशेब फक्त बाजाराच्या दिवशी करा. तेव्हा उरलेले फर्मे आणि उरलेले खरे तास, एवढं पाहून पुढच्या आठवड्याची वाटणी नव्याने करा. मागे काय ठरलं होतं ते विसरून जा.

वेळ कुठून काढायचा, हे तुम्ही विचारलं नाही, पण सगळी अडचण तिथेच असते. रात्रीचा एक सलग तास गावातल्या बाईला मिळत नाही, आणि मिळाला तरी तो दिवसाचा सगळ्यात थकलेला तास असतो. दुपारी जेवणं झाल्यावर, सासूबाई लवंडल्या की चाळीस मिनिटं मिळतात. बाजारात गाडीची वाट पाहताना वीस मिनिटं मिळतात, चक्कीवर दळणाचा नंबर लागेपर्यंत वीस. दोन्ही मिळून बाजाराचा फर्मा होतो. पुस्तक पिशवीत असलं पाहिजे, एवढंच. जाड पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घाला. बाजाराच्या पिशवीत हळद, तेल, सांबार (कोथिंबीर) सगळं एकत्र येतं आणि डाग पडलेलं पुस्तक परत घेताना आमचाही जीव कळवळतो. संध्याकाळी लाईन जाते त्या भागात डोक्याला बांधायची बॅटरी वाचायला चांगली, दोन्ही हात मोकळे राहतात. पण तीच बॅटरी बांधून रात्री ओलिताला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, गेलात तर पुस्तक घरी ठेवा. रब्बीत मोटारीची पाळी रात्रीची आली की काही जण पाणी सोडून वाचत बसतात. एकीकडे दांड फुटतो आणि पायाशी काय सरपटतंय ते दिसत नाही.

सासूबाईंचं काय करायचं, हे मी सांगणारा कोण. पण एका घरात पाहिलेली गोष्ट सांगतो. तिथली सून दुपारची दहा-बारा पानं मोठ्याने वाचायची. मोठ्याने वाचलं की वेग पाऊणपट-निम्मा होतो, हे खरं. पण सासूच दुसऱ्या दिवशी विचारू लागली, "मंग त्या पाटलाचं काय झालं वं?" आणि दुपारचं काम आपणहून सरकवू लागली. कमी वेगाने का होईना, तास पक्का झाला. तुमच्याकडे जमेल की नाही ते तुम्हालाच ठाऊक.

थांबायची जागा मात्र फर्म्याच्या कडेला नको. फर्मा हे माप आहे, थांबणं गोष्टीच्या हिशेबाने करावं. बरेच जण प्रकरण संपलं की थांबतात. मी पुढच्या प्रकरणाचं एक पान वाचून थांबायला सांगतो. संपलेल्या प्रकरणावरून उठलं की पुस्तकही संपल्यासारखं वाटतं, आणि सुरू झालेलं प्रकरण दुसऱ्या दिवशी ओढून नेतं.

स्पर्धा परीक्षेची मुलं आमच्या अभ्यासिकेत असतात, त्यांना हा हिशेब जसाच्या तसा लागू नाही. त्यांना एकच पुस्तक दोन-तीनदा फिरवायचं असतं, म्हणून पहिल्या वाचनाला मुदतीचा अर्ध्याहून जास्त वेळ देऊच नये. तो विषय वेगळा.

आता न जमलं तर. ३ ऑक्टोबरला मळणी आटोपल्यावर पट्टी २६४ च्या आसपास असेल तर ठीक. २२४ वर अडकली असेल तर राखीव दोन दिवस लगेच वापरायला काढा. पण २०० च्याही अलीकडे असेल, तर संयोजकांना ५ तारखेच्या बाजारात भेटून सांगा की मी कादंबरीच्या पहिल्या भागावर बोलणार आहे. कोणी काही म्हणत नाही. मधली दीडशे पानं चाळून शेवट वाचायचा आणि सगळं वाचल्यासारखं बोलायचं, हे करू नका. ऐकणाऱ्यांत एखादे निवृत्त गुरुजी असतातच, आणि ते नेमकं मधल्याच पानांतलं विचारतात. माहितीच्या पुस्तकात प्रकरणं गाळून चालतात, शेतीच्या किंवा आरोग्याच्या पुस्तकात तर गाळावीतच. कादंबरीत नाही.

ग्रंथालयाची मुदत विसरू नका. आमच्यासारखाच पंधरा दिवसांचा नियम तुमच्याकडे असेल तर २४ ला नेलेलं पुस्तक ९ ऑक्टोबरला परत मागतील. म्हणजे तुमच्या वाटणीच्या मधोमध. ५ तारखेला बाजाराला जाताना पुस्तक दाखवून मुदत वाढवून घ्या, कार्यक्रमाचं कारण सांगा. दुसऱ्या कोणी त्यावर नाव नोंदवलेलं असेल तर ते तेव्हाच कळेल. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो. तुमचा ग्रंथपाल कुरकुरला तर हा नियम त्याला ऐकवा, माझं नाव सांगू नका.

१३ आणि १४ ला पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळू नका. वाचताना जिथे थबकलात तिथे कागदाचे कपटे ठेवत गेला असाल तर त्यातली तीन पानं निवडा. एक पान कार्यक्रमात मोठ्याने वाचून दाखवा. छापील एक पान असं सावकाश वाचायला तुमच्या वेगाने साडेतीन-चार मिनिटं लागतात, दहातली तेवढी तिथे जातात. उरलेल्या सहात कथानक सांगत बसू नका, दोन माणसांबद्दल बोला. घरी एकदा घड्याळ लावून पोरांसमोर बोलून पाहा, आणि त्या कपट्यांवर पान क्रमांक लिहून ठेवा, कारण माइकसमोर पुस्तक उघडताना कपटे खाली पडतातच.